थ्रेड : गोदावरीच्या घाटावर एका तासात ठरलेले लग्न

१८८७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका हिंदू विधवेने लिहिलेले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बालविवाह किती निष्काळजीपणे ठरविले जात, हे दाखविण्यासाठी लेखिकेने त्यात एक प्रसंग सांगितला आहे. यात्रेस निघालेले एक ब्राह्मण कुटुंब गोदावरीकाठच्या तीर्थक्षेत्री उतरते. सकाळी नदीवर स्नानास आलेल्या एका देखण्या परक्या गृहस्थास कुटुंबप्रमुख नाव, गाव, कुळ विचारतो. गृहस्थ विधुर आहे असे कळताच तो आपली नऊ वर्षांची कन्या त्यास देऊ करतो. तासाभरात सारे ठरते, दुसऱ्या दिवशी लग्न लागते आणि नवरा मुलीस घेऊन नऊशे मैलांवरील आपल्या घरी निघून जातो.

लेखिका होत्या पंडिता रमाबाई. प्रसंगातील वधूवरांची नावे मात्र त्यांनी दिली नाहीत. पुस्तकास प्रस्तावना लिहिणाऱ्या डॉ. रेचल बॉडली यांनी ती उघड केली : हे दांपत्य म्हणजे रमाबाईंचेच आईवडील, लक्ष्मीबाई आणि अनंतशास्त्री डोंगरे. (याच बॉडलीबाईंच्या महाविद्यालयातून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या होत्या.)

लग्नाचे स्थळ मराठवाड्यातील पैठण, असे चरित्रकार सांगतात. वधूचे माहेर वाईकडचे. वर मंगळूरजवळच्या माळ या गावचा, वय चव्वेचाळीस. पैठणहून तिकडचे अंतर नकाशावर नऊशे मैलांपेक्षा बरेच कमी भरते. पण तीर्थांची वाकडी वाट धरून जाणाऱ्या पावलांचा हिशेब नकाशा ठेवीत नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते अंतर केवढे भासले असेल, याचाही नाही.

या चव्वेचाळीस वर्षांच्या वराच्या मनात मात्र एक जुना हट्ट होता. पेशवाई बुडण्यापूर्वी तरुण अनंतशास्त्री पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. वाड्यातील स्त्रीच्या मुखी शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून शिष्य थक्क झाला आणि आपली बायकोही असेच शिकेल, असे त्याने ठरविले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्या वडीलधाऱ्यांनी तो बेत हाणून पाडला. तिच्या निधनानंतर, गोदेच्या घाटावर मिळालेल्या या बालवधूबरोबर त्यांनी तो पुन्हा हाती घेतला.

विरोध याही वेळी झालाच. तेव्हा शास्त्रीबुवांनी गाव सोडले आणि तुंगा-भद्रेच्या उगमाजवळ, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड थाटले. तेथे विद्यार्थी येऊ लागले आणि लक्ष्मीबाई संस्कृत शिकल्या. उडुपीच्या मध्व पीठाने जाब विचारला, तेव्हा अनंतशास्त्रींनी ग्रंथांतील वचने काढून आपली बाजू मांडली. स्त्रियांना वेद शिकवू नयेत, हे त्यांना मान्य होते. बाकीचे संस्कृत वाङ्मय मात्र त्यांना खुले असावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. आज हा सुधारक अर्धामुर्धा वाटेल. त्या काळी तेवढ्यावरही सर्वांसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागले.

याच अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली. ती सर्वांत धाकटी. श्रीनिवास आणि कृष्णाबाई ही तिची वडील भावंडे. येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंच्या पाहुणचारात शिल्लक आटली, कर्ज झाले आणि मूल सहा महिन्यांचे असताना कुटुंब डोंगर उतरले. रमा वेताच्या पेटीत बसून खाली आली. त्यानंतर या घराला घर असे राहिले नाही. क्षेत्रोक्षेत्री देवळात बसून पुराण वाचावे, श्रोते धान्य, फळे, पैसे ठेवतील त्यावर गुजराण करावी आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम सोळा वर्षे चालला.

वडील म्हातारे झाले होते, दृष्टी मंदावत होती. त्यामुळे रमेला शिकविले ते आईने. पाखरे जागी होण्यापूर्वी लक्ष्मीबाई मुलीस उठवीत आणि मांडीवर घेऊन श्लोक म्हणवून घेत. भागवताचे अठरा हजार श्लोक रमेस पाठ झाले. कृष्णाबाईचा बालविवाह दुःखाचा ठरल्यामुळे आईवडिलांनी धाकटीच्या लग्नाची घाई केली नाही. घाटावर एका तासात ज्यांचे लग्न ठरले, त्या दोघांनी घेतलेला हा निर्णय. ज्या पुस्तकात त्यांचे लग्न निनावी येते, त्याच्याच अर्पणपत्रिकेत लक्ष्मीबाईंचे नाव आहे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. उरलेसुरले दानधर्मात आणि देवकार्यात संपले होते. मजुरी करणे पंडिताच्या घराण्यास शोभत नव्हते आणि भीक मागण्यास तोंड उघडत नव्हते. पुढे लिहिलेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढल्याचे सांगितले आहे. तोवर त्या ख्रिस्ती झाल्या होत्या आणि आईवडिलांच्या कर्मकांडावर त्यांनी त्या लेखनात कठोर टीका केली आहे. म्हणूनच त्यात आईवडिलांविषयी जो जिव्हाळा उतरला आहे, तो अधिक विश्वासार्ह ठरतो.

अनंतशास्त्री आधी गेले. मरणापूर्वी संन्यास घेतल्यामुळे त्यांना पुरण्यात आले. काही आठवड्यांनी, निजामाच्या राज्यातील रायचूर येथे लक्ष्मीबाई अंथरुणास खिळल्या. त्यांच्यासाठी भाकरी मागण्यास रमा शेजारच्या घरी गेली, तेव्हा लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. आई गेल्यावर खांदा देण्यास माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा श्रीनिवास. चौथी रमा. ती ठेंगणी, खांद्यावर तिरडी घेतली तर ती कलंडली असती. म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. स्मशान गावापासून तीन मैलांवर होते.

पुढे काही महिन्यांत कृष्णाबाईही पटकीने दगावली. उरलेले भाऊबहीण उत्तरेकडे चालत राहिले. रमाबाईंच्याच हिशेबाने ही पायपीट चार हजार मैलांहून अधिक झाली. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या रमेची संस्कृतात परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.