ख्यालीखुशालीचा प्रवास

दूरदेशी गेलेल्या माणसाच्या खुशालीची चिंता मराठी घरांना नवी नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना नर्मदेच्या परिसरात सुमारे दहा दिवसांनी कळली, आणि तीही एका सावकारी पत्रातून! माणसांची नावे न घेता मोती आणि मोहरा यांच्या हिशेबाच्या भाषेत ती लिहिली होती. ज्याचा पुत्र आणि चुलतबंधू रणांगणावर होते, त्या राज्याच्या धन्याची ही स्थिती. मग सामान्य शिलेदाराच्या घरी किती महिने वाट पाहिली गेली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१८५४ साली अंतराऐवजी वजनावर टपालहशील ठरू लागले आणि दूरचे पत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले. त्या इवल्याशा कार्डाने कुटुंबाचा संसार जोडून ठेवला. हळदकुंकवाची बोटे उमटलेले पत्र मंगलवार्ता आणी. कोपरा फाडलेले कार्ड हाती पडताच मजकूर वाचण्यापूर्वीच काय ते समजे.

तारेचा आरंभ १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर या प्रायोगिक मार्गाने झाला. ओ'शॉनेसी या डॉक्टराच्या खटपटीचे ते फळ होते. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून दुःखही काटकसरीने सांगावे लागे. दारात तारवाल्याची सायकल थांबली की घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताला कंप सुटे, मग आत नातवाच्या जन्माची वार्ता का असेना! ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

पत्र बिनचूक पोचावे यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी होते. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिपींतील पत्ते यांवर त्यांनी आकड्यांचा उपाय योजिला. परप्रांतात राहणाऱ्या आपणांस त्याचे मोल विशेष कळावे.

१९६० साली कानपूर व लखनौ यांच्यामध्ये थेट दूरध्वनी जोडला गेला. तरी पुढे कित्येक वर्षे बहुतेक घरांच्या नशिबी ट्रंक कॉलची ताटकळच होती. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाईल संभाषण झाले आणि आज खुशाली क्षणात कळते.

परंतु इतिहास येथे एक सावधगिरीची सूचना देतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात दूरध्वनी यंत्रणा कोलमडली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला. दोन्ही वेळी हौशी रेडिओचालकांनी आप्तांचे निरोप पोचविले. साधन जितके वेगवान, तितकेच ते बंद पडल्यावर येणारे एकटेपण गाढ, असा हा अनुभव आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. जवळच्या दोनतीन माणसांचे क्रमांक यंत्रात नव्हे, मुखोद्गत असावेत आणि कागदावरही लिहिलेले असावेत. संकटग्रस्त गावाबाहेरचा एक नातलग मध्यस्थ म्हणून नेमावा. सर्वांनी आपला निरोप त्याच्याकडे द्यावा. तारा गजबजलेल्या असताना लांब संभाषणापेक्षा 'सुखरूप आहे' एवढा लेखी संदेश पोचण्याचा संभव अधिक. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक लहान मुलांनाही शिकवावा.

आणि शेवटची गोष्ट मंडळाची. गणेशोत्सव व नाटके यांबरोबरच सभासदांचे पत्ते, रक्तगट आणि गावाकडील आप्तांचे क्रमांक असलेली एक वही मंडळाने जपावी व दरवर्षी ताजी करावी. महाराष्ट्रात वाट पाहणाऱ्या वृद्ध आईवडिलांना परक्या शहरात 'जरा बघून या' असे हक्काने सांगण्याजोगे एक दार असावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने यापेक्षा थोर संकल्प तो कोणता करावा?