गायरान आणि भूमिहीनाची शेळी

गावगाड्याने मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्यावर लादले. जिवंत जनावर चारायला जमिनीचा तुकडा मात्र दिला नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले. समाज उठला, पोटाचा प्रश्न उरलाच. भूमिहीनाला आधार राहिला शेळीचा. गायरानातल्या गवतावर, बाभळीच्या पाल्यावर ती वाढते. अडीनडीला बाजारात न्यावी, तर व्यापारी वजन न करता नजरेनेच किंमत पाडतो. १९५९ आणि १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. भूमिहीनांना, दलितांना सरकारने दिलेले पट्टे अपवाद मानले. मग ज्याला पट्टाच मिळाला नाही, त्याने आपली शेळी कुठे चारावी?