पूर्ण तोंडाची दंतपुनर्रचना कोणाला लागते?

बरेच दात पडले, झिजले किंवा तुटले, घास चावता येईना, तर कॅप, ब्रिज, इम्प्लांट, कवळी यांची सांगड घालून वरच्या-खालच्या दातांची ठेवण पुन्हा बसवतात. हीच पूर्ण तोंडाची दंतपुनर्रचना. काम महिनोन्महिने चालते.

यवतमाळ जिल्ह्यात काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडतात. नुसत्या डागांसाठी एवढा खर्च नको.

खर्रा खाणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. सुपारीने तोंड आखडते. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर आधी कॅन्सरची तपासणी, मग दात. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

मिस्वाक आपण करतोच. अब्बा-अम्मींना घास चावता येतो का, हेही विचारू या.