पांढरीचं छत

मराठवाड्यातल्या गावाला दोन जमिनी असतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. त्याच जागेवर घरं पडत गेली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, चुलींची राख आणि गोठ्यांचं शेण मातीत मुरत गेलं आणि गावाखालची जमीन फिकट, भुरकट झाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची पांढरी तर सातवाहन काळापर्यंत खोल जाते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथे सापडलेल्या प्राचीन वस्तू जमवल्या, त्यांचं आज संग्रहालय आहे. पण गावकऱ्यांच्या लेखी पांढरीचा उपयोग वेगळाच होता. ती घराच्या डोक्यावर घालायची माती होती.

तिचं जे छत होई ते माळवद. कुठे त्याला धाबं म्हणतात. आधी दगडी उथळ्यांवर लाकडी खांब उभे राहत. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर ऐपतीप्रमाणे सागाच्या फळ्या नाहीतर बाभळीच्या किलच्या. त्यावर तुराट्या किंवा पाला अंथरायचा, चिखलाचा थर द्यायचा आणि सगळ्यात वर पांढरी चोपायची. काळी माती इथे चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात तडकते. पांढरी भिजली की मिटते आणि पाणी खाली उतरू देत नाही. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण. घर केवढं, हे लोक खणांवर सांगत.

भिंती दोन-दोन, काही ठिकाणी तीन-तीन फूट जाडीच्या. बाहेरच्या अंगाला खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेड आणि चुलीचा धूर यांची वाट एकच, माळवदाला ठेवलेलं साणं. दुपारी त्या चौकोनी भोकातून उन्हाचा कवडसा जमिनीवर उतरतो आणि तो कुठवर सरकला यावरून घरातली बाई वेळ ओळखते. पाऊस आला की साण्यावर झाकण.

मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा या घराची करामत कळते. जाड माती आणि दगड तापायला फार वेळ घेतात. दुपारचा ताप भिंतीतून आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र पडलेली असते. तोवर बाहेर गार वारा सुटतो आणि घरातली माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असतात. भर दुपारी माजघरात सारवलेल्या जमिनीवर नुसतं आडवं झालं तरी झोप लागायची. या गारव्यासाठी वीज लागत नव्हती आणि सामानही बहुतेक गावाच्या शिवेतलंच होतं.

मात्र हे घर दरसाल मेहनत मागे. मृग लागण्याआधी माळवदावर ताजी पांढरी पडायची. जिथे गळालं असेल तिथे आणखी एक थर. जुना थर खरवडून काढायची तसदी फार कमी लोक घेत. वर्षं सरत गेली तसं छत जाड होत गेलं, दीड फूट, दोन फूट, कुठे त्याहूनही जास्त. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा-सात टनांचा भार. तो वाढताना कुणाला दिसत नव्हता, कारण एका वर्षात वाढायची ती चार बोटं माती.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे चार वाजत आले होते. गणपती बोळवून गावं झोपली होती. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर हा सगळा टापू त्या वेळच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वर्षभरापूर्वी, १९९२ मध्ये, किल्लारीत धक्क्यांची मालिका झाली होती, तरी घरं होती तशीच राहिली. त्या पहाटे भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच भिंतींखाली आणि आपल्याच छताच्या मातीखाली गेली.

त्या भिंतींकडे जवळून पाहायला हवं. गवंडी बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग लावी, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल भरी. दिसायला भिंत एक, पण उभ्या असत दोन, शेजारीशेजारी. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. जमीन हलली तशी दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटली, पोट फुगलं आणि भिंत ढासळली. पाहणीला गेलेल्या अभियंत्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जिथे माळवदाचा भार नीट बांधलेल्या खांब-तुळयांवर होता, तिथे काही घरांच्या चारही भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा होता.

मातीत गेलेल्या माणसांच्या नातलगांनी काय पडलं आणि काय टिकलं याचा हिशेब करावा, ही अपेक्षा मात्र कुणी करू नये. त्यांनी मातीचं घर पुन्हा नको म्हटलं, आणि ते समजण्यासारखं आहे. चूक झाली ती ज्यांच्या हाती वेळ आणि ज्ञान होतं त्यांची. दगड-मातीचं घर म्हणजे मृत्यू, एवढाच धडा राज्यभर पसरू दिला गेला. ५२ गावं नव्या जागी बसवली गेली, सरळ रेषेत, सिमेंटच्या घरांची. उरलेल्या हजारो गावांमध्ये जुनी घरं मजबूत करण्यासाठी मदत देण्यात आली, पण बहुतेकांनी त्या पैशांत सिमेंटची एक नवी खोली बांधणं पसंत केलं. ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. पत्रा हलका, डोक्यावर पडला तरी माणूस वाचेल. पण तो सकाळी नऊलाच तापायला लागतो, आणि त्याखाली बाळंतीण नि म्हातारी माणसं दुपार कशी काढतात हे उन्हाळ्यात त्या भागात गेल्याशिवाय कळत नाही.

पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, देशात घरांसाठी ऊर्जाबचतीची ‘इको निवास संहिता’ आली. तिने छताला मर्यादा घातली. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाता कामा नये. सहा इंची उघडा स्लॅब याच्या तिप्पट उष्णता आत सोडतो. दीड फुटाचं माळवद या मर्यादेच्या आसपास बसतं.

अशी घरं भूकंपात टिकवण्याचा उपाय त्या वेळीही माहीत होता. दगडी आणि मातीच्या बांधकामाची भूकंपरोधक मार्गदर्शक तत्त्वं भारतीय मानक ब्यूरोने १९९३ मध्येच छापली होती. भूकंपानंतर अभियंत्यांनी सांगितलेली रीत गावच्या गवंड्याला सहज जमणारी होती. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके टेकू देऊन सांधा पक्का करायचा. मग भिंतीत ठरावीक अंतरावर, पहारीचे घाव न घालता, हलक्या हाताने दगड सैल करून तीन इंचांचं आरपार भोक पाडायचं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं आणि काही दिवस पाणी मारायचं. वरून गिलावा केला की भोक कुठे होतं ते घरच्यांनाही सापडत नसे.