स्टार्टअप कॉन्फिगरेशनची स्टॅटिक तपासणी

मोबाइल ॲप प्रत्यक्ष न चालवता, केवळ त्याचा सोर्स कोड आणि सोबतच्या कॉन्फिगरेशन फाइली वाचून, ते उघडताच नीट उभे राहील की नाही हे आधीच शोधण्याची पद्धत. ती स्टॅटिक कोड ॲनालिसिसची एक शाखा आहे. सुरुवातीच्या काही क्षणांसाठी एवढी वेगळी दक्षता लागते, कारण इथे चूक झाली तर ॲपमधले बाकी सगळे चांगले काम निरुपयोगी ठरते. सोमाटणे टोलनाक्याच्या रांगेत फास्टॅगची शिल्लक पाहायला उघडलेले ॲप पहिल्याच पडद्यावर बंद पडले, तर आतला हिशेब कितीही अचूक असला तरी चालकाच्या उपयोगाचा नाही.

कंपायलरला या चुका सहसा दिसत नाहीत. अँड्रॉइड ॲपची सुरुवात दोन ठिकाणी लिहिलेली असते: काही भाग कोटलिन किंवा जावा कोडमध्ये, काही मॅनिफेस्ट नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये. या दोन्हींना बांधून ठेवणारा धागा म्हणजे फक्त क्लासची नावे. कोडमध्ये क्लासचे नाव बदलले आणि मॅनिफेस्टमध्ये जुनेच राहिले, तरी कोड बिनतक्रार कंपाइल होतो. फोनवर उघडल्यावर मात्र क्रॅश. त्यातच प्रत्येक लायब्ररी आपला स्वतःचा मॅनिफेस्ट घेऊन येते आणि बिल्डच्या वेळी ते सगळे एकत्र होतात. म्हणून अंतिम मॅनिफेस्ट कोणा एका माणसाने लिहिलेला नसतो. स्टॅटिक तपासणीचे खरे काम या सांध्यावर आहे.

अँड्रॉइडमध्ये ते ‘लिंट’ हे साधन करते. मॅनिफेस्टमध्ये नोंदलेला क्लास प्रकल्पात सापडत नसेल किंवा सिस्टिमला तो तयार करता येणार नसेल, तर ते थांबवते. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, इंटेंट फिल्टर असलेल्या प्रत्येक घटकापुढे तो ‘एक्स्पोर्टेड’, म्हणजे इतर ॲपना उघडता येणारा, आहे की नाही हे स्पष्ट लिहावे लागते. त्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या ॲपमध्ये ते नसेल तर ॲप इन्स्टॉलच होत नाही. ही उणीवही लिंट बिल्डच्या आधी दाखवते.

सर्वांत बोलके उदाहरण वर्कमॅनेजर या लायब्ररीचे आहे. पार्श्वभूमीतली कामे सांभाळणारी ही लायब्ररी ॲप उघडताच आपोआप सुरू होते. तिला स्वतःची सेटिंग द्यायची असेल, तर ॲप्लिकेशन क्लासमध्ये ती सेटिंग पुरवावी लागते आणि मॅनिफेस्टमधून आपोआप सुरू होण्याची नोंद काढावीही लागते. अनेक जण पहिले करतात, दुसरे विसरतात. मग ॲप क्रॅश होत नाही आणि पडदाही व्यवस्थित उघडतो. पण ॲप्लिकेशन क्लासचा ‘ऑनक्रिएट’ धावण्याआधीच लायब्ररी मूळ सेटिंगवर सुरू झालेली असते. आपली सेटिंग कोणी वाचलेलीच नसते, आणि डिपेंडन्सी इंजेक्शनवर, म्हणजे लागणारे भाग बाहेरून पुरवण्याच्या रीतीवर, अवलंबून असलेली कामे पुढे कधीतरी तयारच होत नाहीत. एवढ्या शांतपणे होणारी चूक हाताने शोधायला फार त्रास पडतो. लिंट मात्र कोड आणि मॅनिफेस्ट शेजारी ठेवून ती लगेच पकडते, आणि तिला ‘फेटल’ हा सर्वांत गंभीर दर्जा देते.

वर्कमॅनेजरने २.६ आवृत्तीपासून ‘ॲप स्टार्टअप’ या गूगलच्या लायब्ररीचा आधार घेतला. त्याआधी अनेक लायब्ररी सुरू होण्यासाठी स्वतःचा कंटेंट प्रोव्हायडर आणत, आणि ते सगळे मुख्य थ्रेडवर एकामागून एक उघडत. ॲप स्टार्टअपने त्यांच्यासाठी एकच प्रोव्हायडर दिला. तिच्यासोबतचे लिंट नियम दोन गोष्टी पाहतात: लायब्ररी सुरू करणाऱ्या प्रत्येक इनिशियलायझर क्लासची मॅनिफेस्टमध्ये नोंद आहे ना, आणि त्याचा कन्स्ट्रक्टर विनापॅरामीटर आहे ना. इनिशियलायझर एकमेकांवर गोल फिरून अवलंबून असतील, तर ते ॲप चालू होतानाच कळते.

‘लिंट’ हे नाव जुने आहे. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी त्या नावाचे साधन लिहिले. अँड्रॉइडमध्ये लिंट २०११ मध्ये आले. फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले ‘इन्फर’ हे साधनही मोबाइल ॲपच्या कोडवर चालवले जाते. आयफोनच्या बाजूला इन्फो-पीलिस्ट फाइलला मॅनिफेस्टसारखेच महत्त्व आहे: कॅमेरा कशासाठी हवा हे तिथे लिहिले नसेल तर कॅमेऱ्याला हात लावताच ॲप बंद होते.

स्टॅटिक ॲनालिसिसच्या विद्येत महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबई आयआयटीतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे डेटा फ्लो ॲनालिसिसवरचे पुस्तक २००९ मध्ये आले. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरने मुख्यतः वाहनांसारख्या एम्बेडेड प्रणालींच्या सी कोडवर काम केले. तिथल्या संशोधकांच्या ‘व्हेरिॲब्ज’ने २०१९ च्या एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रीचसेफ्टी गटात पहिला क्रमांक मिळवला. मोबाइल ॲपशी याचा थेट संबंध नाही. पण लिंट वापरणाऱ्या प्रत्येकाला छळणारा प्रश्न तिथे नेटाने हाताळला गेला. तो म्हणजे खोट्या वॉर्निंगचा.

हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले की प्रोग्रामच्या वर्तनाविषयीच्या कोणत्याही खऱ्या अर्थाने महत्त्वाच्या प्रश्नाला सर्व प्रोग्रामांसाठी लागू पडणारी अचूक यांत्रिक रीत असू शकत नाही. त्यामुळे साधन एक तर काही चुका सोडते, नाहीतर निर्दोष कोडवरही बोट ठेवते. शंभर वॉर्निंगमधल्या बहुतेक पोकळ निघाल्या की माणूस वाचणेच थांबवतो, आणि खरी चूक त्याच ढिगात निसटते. पुण्याच्या याच केंद्रातील तुकाराम मुस्के यांनी २०१६ मध्ये वॉर्निंग हाताळण्याच्या उपायांचा आढावा सहलेखकासह प्रसिद्ध केला. एकाच कारणातून उपजलेल्या अनेक वॉर्निंग त्या कारणाच्या जागी सरकवून एकत्र करायच्या, म्हणजे तपासणाऱ्याचा वेळ वाचतो, ही कल्पना २०१८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी मांडली.

रिलीज बिल्डच्या वेळी अँड्रॉइड लिंट फक्त फेटल दर्जाचे नियम आपोआप चालवते. जुन्या प्रकल्पात आधीच्या वॉर्निंग ‘बेसलाइन’ फाइलमध्ये बाजूला ठेवून फक्त नव्यांवर लक्ष देता येते. सोय चांगली आहे, पण स्टार्टअपच्या चुका तिच्यात कधीही टाकू नयेत. तिथे गेलेली चूक पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

वेळेचा हिशेब मात्र या तपासणीच्या हातात नाही. बंद असलेले ॲप उघडायला पाच सेकंद किंवा अधिक लागले तर गूगल ते अति संथ धरते. हा आकडा कोड वाचून काढता येत नाही. तो स्वस्त, भरलेल्या मेमरीच्या फोनवर ॲप उघडूनच मोजावा लागतो.