मुदतीचा ताप : औषधे बदलली, वाट तीच राहिली

१/ टायफॉईडला जुन्या मराठीत ‘मुदतीचा ताप’ म्हणत. मुदत साधारण तीन आठवड्यांची. ती सरेपर्यंत रुग्णाच्या उशाशी बसून राहणे एवढाच उपाय. जळगाव आणि धुळे जेव्हा पूर्व व पश्चिम खानदेश या नावांनी ओळखले जात, तेव्हा या तापावर नेमके औषधच नव्हते. शंभरांतले दहा ते वीस रुग्ण दगावत. १९४८ मध्ये हे चित्र पालटले. पण तो विजय टिकला का? त्या पाऊणशे वर्षांचा हा इतिहास.

२/ रोगाचे कारण साल्मोनेला टायफी हा जीवाणू. कार्ल एबर्थ यांनी तो १८८० मध्ये पाहिला. तो फक्त माणसात राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाण्यातून व अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातो. गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठच्या गावांनी विहिरीचे किंवा पात्रातल्या झिऱ्याचे पाणी प्यायचे, अशा प्रदेशात त्याची वाट मोकळीच होती.

३/ १९४७ मध्ये व्हेनेझुएलातील मातीच्या नमुन्यातून क्लोरॅम्फेनिकॉल हाती आले. १९४८ मध्ये एक अमेरिकी पथक ते दुसऱ्याच एका तापावर, स्क्रब टायफसवर, तपासण्यासाठी क्वालालंपूरला गेले. तेथील काही रुग्णांना प्रत्यक्षात टायफॉईड निघाला आणि औषधाने त्यांचा ताप काही दिवसांतच उतरला. तीन आठवड्यांची मुदत मोडली.

४/ तो काळच प्रतिजैविकांवरील विश्वासाचा होता. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. परदेशातून येणारे दुर्मीळ पेनिसिलिन आता महाराष्ट्राच्या मातीत बनू लागले. जीवाणूंवर मात झाली, असे मानणारे तेव्हा जगभर होते.

५/ त्याच दशकात जपानमध्ये अतिसाराचे काही जीवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले. १९५९ मध्ये तेथील संशोधकांनी त्याचे कारण दाखवले : औषधाला निष्प्रभ करणारी जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही, थेट जातात. त्यांचे वाहन म्हणजे प्लाझ्मिड, जीवाणूच्या पेशीतील डीएनएचे स्वतंत्र कडे. प्रतिरोध केवळ वारशाने मिळत नाही. तो शेजाऱ्याकडूनही मिळतो.

६/ १९७२ मध्ये याची किंमत कळली. मेक्सिकोत क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉईडची साथ आली आणि दहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. त्याच वर्षी केरळातील कालिकत येथेही असाच जीवाणू आढळला. क्वालालंपूरच्या यशाला तेव्हा अवघी चोवीस वर्षे झाली होती.

७/ टायफॉईडच्या जीवाणूत ही जनुके वाहणाऱ्या प्लाझ्मिडांचा एक गुणधर्म लक्षणीय आहे. त्यांचे हस्तांतर शरीराच्या ३७ अंश तापमानात मंदावते. २२ ते ३० अंशांत ते उत्तम होते. म्हणजे या देवघेवीला रुग्णाच्या आतड्यापेक्षा बाहेरचे सांडपाणी आणि गाळ अधिक सोयीचे. प्रतिरोधाची मुळे केवळ दवाखान्यात शोधणे म्हणूनच अपुरे ठरते.

८/ १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईसह देशाच्या अनेक भागांत क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल ही तिन्ही औषधे एकदम निरुपयोगी ठरू लागली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. काही वर्षांतच जीवाणूने स्वतःच्या जनुकांत बदल घडवून तेही बोथट केले. दरम्यान क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर घटला, तसे ते भारतात बहुसंख्य जीवाणूंवर पुन्हा लागू पडू लागले. वापर थांबला की जनुकाचे ओझे बाळगण्यात लाभ उरत नाही.

९/ २०१५ मध्ये ६३ देशांतील सुमारे १,८०० नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून एच-५८ या वंशाचा प्रवास उलगडला. दक्षिण आशियात उगम पावून हा बहुऔषधरोधी वंश आग्नेय आशियात आणि आफ्रिकेत पोहोचला होता. पुढे २०१६ पासून सिंधमधील हैदराबादेत आणखी बिकट साथ पसरली. तेथील जीवाणूने ई. कोलायसारख्या आतड्यातील जीवाणूंत आढळणारे प्लाझ्मिड स्वीकारले होते. सेफ्ट्रायाक्झोनचे इंजेक्शनही निकामी झाले.

१०/ हा व्यवहार केवळ पाण्यातून चालत नाही. खानदेशाच्या पश्चिम टोकाला असलेले नवापूर म्हटले की २००६ मधील बर्ड फ्लू आठवतो. भारतातील तो पहिला उद्रेक. तो विषाणू होता, कोंबड्या डोळ्यांदेखत मेल्या, म्हणून तो स्मरणात राहिला. प्रतिरोधी जनुक असे दिसत नाही. ते बाळगणारी कोंबडी धडधाकट असते आणि ती खाणाराही.

११/ जगभर जनावरांची वाढ जलद व्हावी म्हणून प्रतिजैविके खाद्यात मिसळली जात. माणसासाठी अखेरचा आधार मानले गेलेले कोलिस्टिनही त्यांत होते. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरे, कच्चे मांस आणि रुग्ण या तिन्हींत कोलिस्टिनरोधी एमसीआर-१ जनुक सापडले, तेही प्लाझ्मिडवर. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

१२/ दुसरा मार्ग नवी मुंबईने दाखवला. २०१८ मध्ये तेथील महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक बालकांना टायफॉईडची नवी संयुग्म लस दिली. सार्वजनिक आरोग्यसेवेतून ही लस देण्याचा जगातील तो पहिला प्रयोग. लस बनली तीही हैदराबादेत, मात्र तेलंगणातील. लस घेतलेल्या मुलांत टायफॉईडचे प्रमाण लक्षणीय घटले. जो आजारीच पडत नाही, त्याला प्रतिजैविक लागत नाही.

१३/ खानदेशातील अनेक गावांत आजही नळाला काही दिवसांआड पाणी येते. नळ बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. एबर्थ यांच्या काळातील जीवाणूची वाट ती हीच. आता त्या वाटेने जनुकेही प्रवास करतात.

१४/ १९४८ पासून प्रत्येक पिढीने नवे औषध आणले आणि जीवाणूने त्याचे उत्तर शोधले. न बदललेली गोष्ट एकच : विष्ठेपासून पाण्यापर्यंतची वाट. जेथे ती बंद झाली, तेथे टायफॉईड ओसरला. औषधाने मुदत मिळते. त्या मुदतीत जलवाहिनी आणि गटार दुरुस्त करायचे असते. ॥ समाप्त ॥