सायकल-फ्रेमचे पुनर्लेपन : लेपाची निवड

सायकल-फ्रेमचे पुनर्लेपन : फ्रेमवरचा जुना, पोपडे धरलेला रंग काढून तिला नवा संरक्षक लेप देण्याची क्रिया. लेपाचे चार प्रकार नेहमी समोर येतात : ब्रशने किंवा फवाऱ्याने द्यायचा सिंथेटिक इनॅमल, ज्याला बाजारात सरसकट ऑइल पेंट म्हणतात, गाड्यांच्या रंगकामातला डुको आणि त्यानंतर आलेला दोन घटकांचा पीयू रंग, भट्टीत भाजलेले पावडर कोटिंग, आणि क्रोमचा मुलामा. चकाकी, टणकपणा आणि किंमत पाहून यांतून निवड करण्याची रीत आहे. यवतमाळ जिल्ह्यात सायकल ही वावरात, शाळेत आणि आठवडी बाजारात जाणारी कामाची वस्तू आहे. तिथे या तिन्हींच्या वर आणखी एक कसोटी ठेवावी लागते : ओरखडा पडल्यावर तो मालकाला घरच्या घरी, त्याच रंगाने बुजवता येतो का? साध्या पोलादी सायकलीपुरते बोलायचे तर या कसोटीला रेड ऑक्साइडच्या अस्तरावर दिलेला सिंथेटिक इनॅमलच उतरतो.

याचे कारण इथल्या गंजाच्या स्वभावात आहे. गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. जिल्ह्यात वर्षाला साधारण 900 ते 1,000 मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेला बराच काळ हवा कोरडी असते. म्हणजे कोकणासारखा खारा दमटपणा इथे फ्रेमला चहूबाजूंनी खात नाही. गंज ठरावीक जागी धरतो, आणि त्या जागा ओळखीच्या आहेत. पायडलचा एक्सल जिथून जातो त्या आडव्या नळीच्या पोटाला आणि मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला काळी माती लिंपली जाते. ही कपाशीची चिकणमाती पाणी धरून ठेवते. वरून वाळलेली दिसली तरी खरवडल्यावर आतला थर ओला निघतो. कॅरिअर आणि स्टँड जिथे नटबोल्टने आवळलेले असतात, तिथे पत्रा रंगावर सतत घासतो. दांड्यावर दुधाच्या कॅनची किंवा कापसाच्या गाठोड्याची दोरी एकाच जागी घासून रंगात चर पाडते. युरिया किंवा डीएपीची गोणी फाटली, तर सांडलेले खत हवेतला ओलावा ओढून सांध्यात बसते. वणीकडच्या कोळसा खाणींच्या रस्त्यांवर काळी धूळ हेच काम करते. अशा वापरात ओरखडा हा अपघात मानता येत नाही, तो ठरलेलाच असतो. म्हणून लेप किती दिवस अभंग राहतो यापेक्षा भंगल्यावर त्याचे काय होते, हे अधिक महत्त्वाचे.

पावडर कोटिंगची बाजू दुबळी नाही. त्यात विद्युतभार दिलेली कोरडी भुकटी फ्रेमवर चिकटवतात आणि 180 ते 200 अंश सेल्सिअसला साधारण 10 ते 20 मिनिटे भाजतात; वितळून जुळलेला थर 60 ते 80 मायक्रॉनचा होतो. पॉलिएस्टर पावडर उन्हात चांगली टिकते. इपॉक्सी मात्र उन्हाने खडूसारखी पांढुरकी पडते, त्यामुळे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या मुलुखात वरचा थर इपॉक्सीचा घेऊ नये. खरी अडचण पुढे येते. थर फुटला की पाणी त्याच्या कडेखाली शिरते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो थराला उचलतो, आणि वरून रंग धडधाकट दिसत असताना खाली डाग पसरत राहतो. अशा जागी पावडरचाच तुकडा बसवता येत नाही; नीट दुरुस्ती करायची तर फ्रेम पूर्ण सोडवून, सोलून पुन्हा भट्टीत न्यावी लागते. ही भट्टी लोखंडी कपाटे, खिडक्या, गाड्यांचे भाग करणाऱ्यांकडे असते, खेड्यातल्या सायकलच्या दुकानात नसते. शिवाय पिचक्या बुजवायला भरलेली साधी लांबी त्या उष्णतेत टिकत नाही, आणि एक्सलच्या नळीतल्या आट्यांवर झाकण लावायचे राहिले तर भाजलेली पावडर आट्यांत बसून एक्सलचा कप चढू देत नाही.

यावर आक्षेप असा, की इनॅमल मऊ असतो, लवकर ओरखडतो आणि फवारणीच्या औषधातल्या द्रावकाने सुटतो. यातला द्रावकाचा मुद्दा खरा आहे : कपाशीवर फवारायच्या कित्येक औषधांत झायलीनसारखी द्रावके असतात, ती ऑइल पेंटला मऊ करतात, आणि नीट भाजलेली पॉलिएस्टर पावडर त्यांना फारशी दाद देत नाही. पण औषध सांडलेली सायकल कोणत्याही लेपाची असो, ती लगेच धुवायलाच हवी, माणसाच्या जिवासाठी. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते विसरण्याजोगे नाही. मऊपणाबद्दल सांगायचे तर जाडीत फारसा फरक पडत नाही. इनॅमलचा एक हात वाळल्यावर साधारण 20 ते 25 मायक्रॉनचा होतो. अस्तर आणि दोन हात मिळून पावडरच्या जाडीजवळ पोचतात. टणकपणात इनॅमल हरतो, सांधण्यात जिंकतो : ओरखडा घासकागदाने कडेपर्यंत घासून, थेंबभर अस्तर आणि वर रंग, एवढ्याने काम होते. कारखाने भाजलेला लेप देतात, हेही त्याविरुद्धचे प्रमाण नव्हे. कारखान्यात फ्रेम नवी असते, रसायनांच्या टाक्यांतून स्वच्छ होऊन येते आणि पुढच्या दुरुस्तीची जबाबदारी कारखान्यावर नसते. शाळकरी मुलींना सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलीही पुढे घरातल्या धाकट्यांकडे जातात. त्यांच्या बाबतीत दहा मिनिटांत होणारी डागडुजी हीच खरी टिकाऊपणाची हमी.

बाकीचे पर्याय थोडक्यात निकालात निघतात. डुको झटपट वाळतो, पण थर पातळ आणि ठिसूळ. दमट हवेत मारला तर पांढरी झाक येते. पीयू सुंदर आणि कणखर असतो, मात्र त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटने दमा जडू शकतो, म्हणून तो घराच्या ओसरीत मारण्याची वस्तू नाही. क्रोमच्या टाक्यांतले आम्ल नळ्यांच्या आत अडकून राहते. अख्ख्या फ्रेमला मुलामा देऊच नये. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर निवाडा बदलतो : ती लाल गंज धरत नाही, हौशी सायकलस्वार तिच्यावर ओझे लादत नाही, तिथे अनुभवी कारागिराकडून केलेले पावडर कोटिंग योग्यच. कार्बनची फ्रेम त्या भट्टीत घालू नये.

लेपाइतकेच, किंबहुना जास्त, लक्ष खालच्या पृष्ठभागाकडे द्यावे. घट्ट बसलेला जुना रंग काढण्याची गरज नाही. तो खरखरीत केला की पुरे. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा, खोल खड्ड्यांना फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावून धुवावे व लगेच वाळवावे. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये, त्यातले क्लोराइड रंगाखाली राहून पुन्हा गंज आणते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली; त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा आणि मुलांना दूर ठेवावे. नळ्यांची आतली बाजू कोणताच बाहेरचा लेप राखत नाही. तिच्यासाठी उपाय विदर्भाच्या रब्बीतच पिकतो : जवसाचे तेल. सीटच्या नळीतून थोडे ओतून फ्रेम सगळीकडे फिरवावी आणि जास्तीचे निथळू द्यावे. हवेने वाळून त्याचा पापुद्रा धरतो. खाली असलेले निचऱ्याचे छिद्र रंगाने बुजवू नये. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात; त्या पसरून वाळवाव्यात.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे. मे महिन्यात तापल्या नळीवर ब्रशच्या रेघा मोडत नाहीत आणि वाऱ्याची धूळ ओल्या रंगात बसते; पावसाळ्यात अस्तर चढण्याआधीच लोखंड लालसर होते. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा आणि शेवटच्या हातानंतर किमान आठवडाभर कॅरिअर आवळू नये. उरलेला रंग लहान डबीत काठोकाठ भरून ठेवावा. डबीत हवा राहिली तर रंगावर साय धरते, आणि पहिल्या ओरखड्याच्या वेळी तो कामाचा राहत नाही.